यादीतला सभासद संघटनेत कसा येईल?

महाराष्ट्रातल्या जिल्हा रुग्णालयात काम करणारी स्पीच थेरपिस्ट बहुतेक ठिकाणी एकटीच असते. डॉक्टरांना बोलायला दुसरे डॉक्टर असतात, नर्सना नर्स असतात. हिच्या कामातल्या अडचणी कळणारं त्या इमारतीत दुसरं कुणी नसतं. तीन वर्षांचं मूल हाकेला ओ देत नाही, ते ऑटिझममुळे, कानात दोष आहे म्हणून, की दोन्ही? अर्धांगवायूनंतर वाचा गेलेल्या रुग्णाचे नातेवाईक दोन आठवड्यांत त्याला आणेनासे का झाले? असं काही अडलं की विचारायचं कुणाला? कॉलेजातल्या सरांना-मॅडमना सारखा फोन करायला संकोच वाटतो, बॅचचा ग्रुप वाढदिवसांपुरता उरलेला असतो. अशा वेळी आपल्या व्यावसायिक संघटनेचं नाव सगळ्यात आधी सुचायला हवं. बहुतेकींना ते सुचत नाही. आणि संघटनांच्या बैठकांत ‘सभासद प्रतिसाद देत नाहीत’ ही तक्रार होते, ती याच माणसांविषयी.

माझं मत स्पष्ट आहे. दोन गोष्टी घडल्याशिवाय सभासदाला संघटना आपली वाटत नाही. एक, हातात केस असताना, कामाच्या दिवशी तिचा उपयोग व्हावा. दोन, संघटनेचं एखादं काम त्या सभासदावाचून अडावं. परिषद, स्मरणिका, पुरस्कार, वर्धापनदिन हे सगळं त्यानंतरचं. आज बहुतेक ठिकाणी क्रम उलटा आहे.

तो उलटा का झाला, याला इतिहास आहे. वाचा-भाषा क्षेत्रातली आंतरराष्ट्रीय संघटना १९२४ साली व्हिएन्नात स्थापन झाली, अमेरिकेतली १९२५ साली, ब्रिटनमधलं कॉलेज १९४५ साली. आपल्याकडे म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ ची. मुंबईत नायर रुग्णालयातला पदवी अभ्यासक्रम त्याच दशकातला, आणि इंडियन स्पीच अँड हिअरिंग असोसिएशन, म्हणजे आपली ‘इशा’, तीही त्याच दशकातली. तेव्हा देशभरातले सगळे तज्ज्ञ एकमेकांना नावानिशी ओळखत होते. वर्षातून एकदा भेटलं, एक नियतकालिक काढलं, एक कार्यकारिणी निवडली की पुरत होतं. ओळखी आधीपासून होत्याच. पुढे १९८३ साली वांद्र्याला श्रवणदोष असलेल्यांसाठीची अली यावर जंग संस्था आली, १९९२ च्या कायद्यानं भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी सक्तीची झाली, खासगी महाविद्यालयं निघाली. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आणि त्यातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांमध्ये ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ)-स्पीच थेरपिस्टचं पद आलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं वाचा आणि भाषेच्या दिव्यांगत्वाला एकवीस प्रकारांच्या यादीत जागा दिली. म्हणजे कामाची जागा महानगरातल्या दोन-चार संस्थांमधून निघून जिल्ह्यात, तालुक्यात, विशेष शाळेत, श्रवणयंत्राच्या दुकानात आणि घरच्या खोलीतल्या क्लिनिकमध्ये गेली. संघटनेची बांधणी मात्र सगळे एकमेकांना ओळखत होते त्या काळातलीच राहिली.

सभासदांना एकत्र आणायचा हमखास उपाय म्हणून आज सीआरई, म्हणजे निरंतर पुनर्वसन शिक्षणाच्या गुणांकडे बोट दाखवलं जातं. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी हे गुण लागतात, ते पुनर्वास परिषदेनं मान्य केलेल्या कार्यक्रमांतूनच मिळतात, त्यामुळे हॉल भरतो. पण गुणांसाठी आलेली व्यक्ती सही करते, मागच्या रांगेत बसते, प्रमाणपत्र घेते आणि गाडी पकडते. यात तिचा दोष नाही, तिला नोंदणी टिकवायची आहे. आयोजकांनी मात्र त्या भरलेल्या हॉलवरून सभासद जोडले गेले असा निष्कर्ष काढू नये. गुण ही कायदेशीर गरज आहे, ती संघटनेनं चोख भागवावी. आपलेपणाचं काम वेगळं ठेवावं, आणि त्यात गुण आणूच नयेत. गुण आले की हजेरीपट येतो, आणि हजेरीपट आला की लोक मोकळेपणानं अडचण मांडत नाहीत.

वार्षिक परिषदेलाही मर्यादा आहे. परिषद हवीच, नवं संशोधन तिथं ऐकायला मिळतं, विद्यार्थ्यांना पहिल्यांदा व्यासपीठ मिळतं. पण इशाची वार्षिक परिषद, इशाकॉन, दरवर्षी देशातल्या वेगळ्या शहरात भरते आणि स्वतःचं क्लिनिक चालवणारीला तीन दिवस जायचं तर नोंदणी शुल्क, प्रवास, मुक्काम यांच्याबरोबर तीन दिवसांची कमाईही सोडावी लागते, शिवाय आठवड्यातून दोनदा येणाऱ्या मुलांचा सराव तुटतो. दरमहा कंत्राटी मानधनावर असलेलीला रजेचा प्रश्न वेगळाच. म्हणून परिषदेत तीच ती माणसं दिसतात.

याला पर्याय म्हणून मी केस-मंडळ सुचवतो, म्हणजे अडलेल्या केसवर दरमहा एकत्र बसून बोलणारा लहान गट. ब्रिटनमध्ये क्लिनिकल एक्सलन्स नेटवर्क या नावानं थेरपिस्टांची विषयवार मंडळं चालतात, अमेरिकन संघटनेत विशेष आवडीचे गट आहेत. आपल्याकडे विषयवार गट केले तर ते पुन्हा मोठ्या शहरांतल्या प्राध्यापकांचे होतील, कारण जिल्ह्यातल्या थेरपिस्टला एकाच दिवशी तोतरेपणा, टाळू दुभंगलेलं मूल, श्रवणयंत्राची तक्रार आणि गिळण्याचा त्रास असं सगळंच समोर येतं. म्हणून मंडळ प्रदेशावार असावं आणि सगळ्या प्रकारच्या केस त्यात याव्यात.

मंडळ आठ ते दहा जणांचं. बारा झाले की दोघं-तिघं गप्प राहायला लागतात. महिन्यातला एक वार कायमचा ठरलेला, समजा दुसरा बुधवार. दर वेळी तारीख विचारत बसलं तर तिसऱ्या महिन्यात मंडळ संपतं. वेळ पंचाहत्तर मिनिटं, ऑनलाइन, आणि वर्षातून एकदा प्रत्यक्ष. पहिली दहा मिनिटं केस मांडायची आणि शेवटी एकच प्रश्न लिहून दाखवायचा. पुढची पंधरा मिनिटं फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायला बंदी. त्यानंतर अर्धा तास सल्ला, प्रत्येकाला तीन मिनिटं, आणि सुरुवात सगळ्यात कमी अनुभव असलेल्या व्यक्तीपासून. मग दहा मिनिटं केस मांडणारीनं सांगायचं की येत्या सोमवारी ती नेमकं काय बदलणार आहे. शेवटची दहा मिनिटं गेल्या महिन्यातल्या केसचं काय झालं, यासाठी. हा शेवटचा भाग वेळ संपली म्हणून हमखास गाळला जातो आणि नेमकं त्यातच सगळ्यांचं शिक्षण असतं. तो आधी घ्यावा लागला तरी चालेल.

कमी अनुभव असलेल्यापासून सुरुवात का? आपल्या शिक्षणात तोंडी परीक्षेची सवय इतकी मुरलेली आहे की विभागप्रमुख बोलल्या की विषय संपतो. त्या आधी बोलल्या तर बाकीचे माना डोलावतात. त्या शेवटी बोलल्या तर त्यांनाही तालुक्यातली वस्तुस्थिती कळलेली असते. दुसरी चूक याहून महागात पडते. ‘बेरा का केली नाही?’ असं कुणीतरी चटकन विचारतं. (बेरा म्हणजे आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद यंत्रानं मोजायची श्रवण तपासणी.) केस मांडणारीच्या गावापासून बेराचं यंत्र सव्वाशे किलोमीटरवर असतं, वडिलांची रोजंदारी बुडते, हे तिला सगळ्यांसमोर सांगावं लागतं. पुढच्या महिन्यात ती केस आणत नाही. हळूहळू सगळेच फक्त यशस्वी केस दाखवायला लागतात, आणि मंडळ म्हणजे छोटी परिषद होऊन बसतं. सूत्रधारानं अशा वेळी तिथंच थांबवावं आणि प्रश्न बदलून घ्यावा: तुमच्याकडे कोणती तपासणी होऊ शकते? सूत्रधार दर तीन महिन्यांनी बदलावा, पण हा नियम बदलू नये.

अशा मंडळात काय घडू शकतं, ते एका नमुना केसवरून पाहू. जळगाव जिल्ह्यातला साडेचार वर्षांचा मुलगा, तक्रार ‘बोलणं कळत नाही’. पुण्यात शिकलेल्या थेरपिस्टनं शब्दयादी घेतली. ‘डोळा’ऐवजी ‘डोया’, ‘काळा’ऐवजी ‘ताया’, ‘काका’ऐवजी ‘ताता’, ‘गाय’ऐवजी ‘दाय’, ‘पाणी’ऐवजी ‘पानी’. तिनं पाचही उच्चार चुकीचे धरले आणि ळ वर सहा आठवडे काम केलं. फरक नाही. मंडळात चाळीसगावकडच्या सभासदानं पहिला प्रश्न विचारला: घरात अहिराणी बोलतात का? बोलतात. मग आजी काय म्हणते, डोळा की डोया? खानदेशात आणि वऱ्हाडात ळ चा य होणं ही तिथली बोली आहे, ण चा न होणं तर महाराष्ट्रभर घराघरांत आहे. ती मुलाची चूक नाही. शिवाय ज्या घरात ळ आहे तिथंही मुलांच्या तोंडी तो उशिरा बसतो. मग यादीत उरतं काय? क चा त आणि ग चा द. ‘ताया’मधला य बोलीचा आहे, त मात्र त्या मुलाचा. जीभ मागे उचलून काढायचे आवाज पुढे दातांपाशी काढणं हे साधारण चौथ्या वर्षापर्यंत जायला हवं, या मुलात ते राहिलं आहे. उपचाराचं लक्ष्य क आणि ग. शिवाय कुणीतरी विचारलं, कान तपासले का, सर्दी सारखी असते का? मधल्या कानात पाणी साठत असेल तर आधी तो इलाज. एका तासात सहा आठवडे वाचवणारी दिशा मिळाली, आणि ती चाळीसगावच्या सभासदाकडून आली. त्या दिवसापासून त्याला कुणी सांगायची गरज उरत नाही की संघटनेला तो हवा आहे.

हे ज्ञान कुठल्याही आयात केलेल्या चाचणीत नाही. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, कोरकू, गोंडी, वारली घरांमधून येणाऱ्या मुलांचं बोलणं कशाशी ताडून पाहायचं, याची उत्तरं त्या त्या भागातल्या सभासदांकडे विखुरलेली आहेत. म्हणून मंडळाची बोली मराठी-हिंदी मिश्र असावी, पारिभाषिक शब्द इंग्रजी राहिले तरी हरकत नाही. महाराष्ट्रात काम करणाऱ्या बऱ्याच जणी केरळ-कर्नाटकातून आलेल्या आहेत, त्यांनाही हाच मार्ग सोयीचा आहे. मराठी मुलांवर उपचार करताना त्यांना शेजारच्या जिल्ह्यातल्या मराठी सहकाऱ्याची सगळ्यात जास्त गरज पडते. उलट दिशेनंही हा धागा जातो. परदेशातल्या मराठी पालकांना मूल उशिरा बोलायला लागलं की ‘घरी एकच भाषा बोला, मराठी बंद करा’ असा सल्ला आजही कुणी ना कुणी देतं. दोन भाषांमुळे भाषादोष होत नाही. पण त्या मुलाची मराठी तपासून द्यायला मराठी थेरपिस्ट लागते, आणि ती संघटनेच्या यादीत सापडायला हवी.

वेळेचा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, पण मंडळं बहुधा यावरच मोडतात. खासगी क्लिनिकवाल्यांची गर्दी संध्याकाळी चार ते आठ, शाळा सुटल्यावर. रुग्णालयातल्यांची ओपीडी सकाळी नऊ ते एक-दीड. विशेष शाळेतल्यांचा दिवस शाळेच्या घंटेवर. आयोजक मग सोयीची म्हणून रात्री नऊची वेळ ठरवतात. या व्यवसायात स्त्रिया मोठ्या संख्येनं आहेत, आणि रात्री नऊ ही स्वयंपाकघर आवरायची, मुलांना झोपवायची वेळ असते. त्या लॉग-इन करतात, कॅमेरा बंद ठेवतात आणि ताटं उचलतात. नंतर अहवालात ‘सहभाग निष्क्रिय’ असं लिहिलं जातं. रुग्णालय आणि क्लिनिक या दोघांना दुपारी दोन ते सव्वातीन जमतं. शाळेतल्यांसाठी शनिवारी दुपारी वेगळं मंडळ करावं. आधी प्रत्येकाला पुढच्या तीन महिन्यांत जमतील अशा तीन वेळा विचाराव्यात, मग मंडळं बांधावीत. जिल्ह्याच्या नकाशाइतकंच कामाचं वेळापत्रकही महत्त्वाचं.

गोपनीयतेत ढिलाई झाली तर सगळं फुकट जातं. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती त्यात धरलेली आहे. पण कायदा नसता तरी हे पाळावंच लागलं असतं. पालकांची संमती मराठीत, साध्या चार ओळींत, सहीसह. व्हिडिओ दाखवायचा असेल तर बैठकीत स्क्रीनवर दाखवावा, व्हॉट्सॲपवर कधीच टाकू नये. एकदा गेला की परत घेता येत नाही. आणि नाव गाळलं म्हणजे ओळख गेली असं मानू नये. तालुक्याच्या गावात ‘ओठाचं ऑपरेशन झालेला एसटी कंडक्टरचा मुलगा’ एवढ्यावर घर सापडतं. वडिलांचा धंदा, गाव, शाळा या तिन्ही गोष्टी बदलाव्यात किंवा काढाव्यात.

आता दुसरी बाजू, सभासदाकडून काम मागण्याची. संघटनेची मंडळी बहुधा मागायला कचरतात. ‘लोक आधीच दमलेत, अजून काय मागायचं?’ पण काही न मागितलेला सभासद ग्राहक होतो, आणि ग्राहकाला वर्गणी नेहमीच महाग वाटते. काम लहान हवं, एक-दोन तासांत संपणारं, आणि त्यातून निघालेल्या वस्तूवर करणाऱ्याचं नाव हवं.

एक उदाहरण विस्तारानं देतो, कारण हे महाराष्ट्रात उद्या सुरू करता येईल. गिळण्याचा त्रास असलेल्या रुग्णासाठी अन्नाचा दाटपणा ठरवायची आंतरराष्ट्रीय चौकट, इड्सी, शून्य ते सात अशा आठ पातळ्यांची आहे. तिच्या तक्त्यात आपल्या घरातले पदार्थ नाहीत. बाजारातली दाट करणारी पावडर महिनाभर घेणं बहुतेक घरांना परवडत नाही. मग पेज कुठल्या पातळीत बसते? ताक? नाचणीचं आंबील? गाळलेलं वरण? याची चाचणी सोपी आहे. दहा मिलिलिटरची सिरिंज घ्यायची, दट्ट्या काढायचा, टोकावर बोट धरून पदार्थ दहापर्यंत भरायचा, बोट काढून दहा सेकंद मोजायचे आणि किती उरलं ते पाहायचं. एक ते चार मिलिलिटर उरलं तर पहिली पातळी, चार ते आठ उरलं तर दुसरी, आठपेक्षा जास्त उरून थोडं तरी खाली गेलं तर तिसरी. काहीच खाली गेलं नाही तर पदार्थ चौथ्या किंवा त्यापुढच्या पातळीतला, तिथं काट्याची आणि चमच्याची चाचणी लागते.

या कामात चुका कुठं होतात? सिरिंज. दहा मिलिलिटरच्या सगळ्या सिरिंज सारख्या लांबीच्या नसतात. शून्य ते दहाच्या खुणांमधलं अंतर साधारण ६१.५ मिलिमीटर असेल तीच चालते, म्हणून आधी पट्टीनं मोजावं. दुसरं, तापमान. आंबील गरम असताना वाहतं आणि पाचच मिनिटांत दाटतं, त्यामुळे रुग्ण ज्या तापमानाला खातो त्याच तापमानाला मोजायला हवं. तिसरं, शितं. पेजेत एक शीत टोकाशी अडकलं की आकडा खोटा येतो. गाळून आणि न गाळता असे दोन आकडे लिहावेत. सिंधुदुर्गातली उकड्या तांदळाची पेज आणि नागपूरकडच्या घरातली तांदळाची पेज एकसारखी नसते, म्हणून हे काम एका केंद्रात होण्यासारखं नाही. प्रत्येक सभासदानं आपल्या भागातले तीन पदार्थ, प्रत्येकी तीनदा मोजून, प्रमाणासह लिहून पाठवायचे. वीस सभासदांनी केलं की साठ नोंदींचा तक्ता होतो. तो अंतिम प्रमाण नव्हे, प्रत्येक रुग्णासाठी पदार्थ पुन्हा तपासावाच लागेल. तरी वॉर्डात उभ्या असलेल्या सुनेला ‘बाबांना काय द्यायचं’ हे सांगण्यासाठी मराठीत आज असा तक्ता हाताशी नसेल, तर तो संघटनेनंच करायला हवा.

अशी कामं आणखी सुचतील. कोकणातल्या पावसाळ्यात श्रवणयंत्र रात्री सिलिका जेलच्या डबीत कसं ठेवायचं याचं एक पान. मराठीतून घरच्या सरावाची पत्रकं, आणि त्यांची भाषा आशाताईंना वाचायला देऊन तपासणं. मोठी समिती नेमून ‘साहित्य निर्मिती’ हाती घेतली की ती दोन वर्षं चालते आणि शेवटी एकच व्यक्ती सगळं लिहिते. तुकडे करावेत, वाटावेत, महिन्याच्या आत परत घ्यावेत.

नव्या सभासदाबाबत पहिले तीन महिने निर्णायक असतात. इंटर्नशिप संपते, मुलगी गावी परतते किंवा लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात जाते, नंबर बदलतो आणि संघटनेचा संबंध तुटतो. यासाठी साधी शिस्त पुरते. अर्ज आल्यापासून सात दिवसांत फोन, ईमेल नव्हे. आणि तो फोन अध्यक्षांनी न करता जवळच्या जिल्ह्यातल्या सभासदानं करावा. तीस दिवसांत तिला मंडळात घ्यावं. नव्वद दिवसांत एक लहान काम द्यावं. मार्गदर्शकाची जोडी लावायची असेल तर चार भेटी, प्रत्येकी पाऊण तास, चारही तारखा पहिल्याच दिवशी ठरवून. ‘केव्हाही फोन कर’ म्हटलं की नवखी व्यक्ती कधीच फोन करत नाही.

इथं तोतरेपणा असलेल्या व्यक्तींच्या स्वमदत गटांकडे बघायला हवं. द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन, टीसा, हिच्या गटांत प्रत्येकाला बोलायची पाळी मिळते आणि बैठक चालवायची पाळीही फिरती असते. ज्यांना बोलणंच कष्टाचं जातं ते लोक तिथं पुन्हा पुन्हा येतात. बोलण्यावर उपचार करणाऱ्यांच्या सभांमध्ये तीन वक्ते आणि शंभर श्रोते असतात. यातून जे शिकायचं ते शिकायला कमीपणा वाटू नये.

आजीव सदस्यत्वाचा मात्र गंभीरपणे फेरविचार व्हायला हवा. एकरकमी पैसे येतात, खजिनदाराला बरं वाटतं, सभासदालाही दरवर्षीची कटकट नको असते. पण वार्षिक नूतनीकरण म्हणजे सभासदानं दरवर्षी दिलेलं उत्तर असतं: अजून मला ही संघटना हवी आहे. आजीव यादीत हे उत्तर मिळतच नाही. कोण परदेशी गेलं, कुणी व्यवसाय सोडला, कोण नाराज आहे, काहीच कळत नाही, आणि संख्या वाढती दिसत राहते. आजीव सदस्यत्व बंद करणं कठीण असेल तर दरवर्षी एप्रिलमध्ये विनामूल्य पडताळणी करावी: फोन, कामाचं ठिकाण, जिल्हा, कोणत्या भाषांत उपचार करता, मंडळात यायचं आहे का. पाच प्रश्न, दोन मिनिटं. ज्यांचं उत्तर येत नाही त्यांना फोन. पहिल्या वर्षी आकडा दुखावणारा येईल. तो सर्वसाधारण सभेत वाचून दाखवावा.

व्यवसायातल्या आतल्या भिंतींबद्दलही बोललं पाहिजे. पदवी एकच असली तरी श्रवणाकडचे आणि वाचेकडचे असे दोन गट पडत चालले आहेत. श्रवणयंत्राच्या कंपनीत नोकरी करणाऱ्याकडे ‘विक्रेता’ म्हणून पाहिलं जातं, डिप्लोमाधारकाला चर्चेत मागं ठेवलं जातं. वास्तविक यंत्र बसवल्यानंतर मुलाचं बोलणं येतं की नाही हे दोघांच्याही हातात असतं. जन्मानंतर एका महिन्याच्या आत श्रवण तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार, हे वेळापत्रक पाळायचं तर डिप्लोमाधारक, दुकानातला ऑडिओलॉजिस्ट आणि जिल्हा केंद्रातली थेरपिस्ट एकाच मंडळात असायला हवेत. मंडळ प्रदेशावार केलं की हे आपोआप साधतं.

सभासदांचा राग सगळ्यात जास्त ज्यावर असतो तो विषय म्हणजे नोंदणी नसताना स्पीच थेरपी करणारे. १९९२ च्या कायद्यात यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सभासद तक्रार पाठवतो आणि पुढे काही कळत नाही. संघटना पोलीस नाही, प्रत्येक तक्रारीचा निकाल तिच्या हातात नाही. पण पोच तिच्या हातात आहे. तक्रार क्रमांक, सात दिवसांत पोच, पुराव्याला काय लागेल याची यादी (पावती, फलकाचा फोटो, जाहिरात), पत्र कुणाला गेलं त्याची प्रत, आणि दर तिमाहीला स्थिती. एवढं झालं तर निकाल लागला नाही तरी माणूस तुटत नाही. कंत्राटी पदांचं उशिरा येणारं मानधन, करारात लिहिलेल्या कामाबाहेरची कामं, यांनाही हीच पद्धत लावावी. ‘आपण वैज्ञानिक संघटना आहोत, कामगार संघटना नाही’ हा युक्तिवाद ऐकायला मिळतो. मला तो पटत नाही. जिल्ह्यातली थेरपिस्ट तीन महिने पगाराविना असेल तर तिच्याकडून केस-मंडळात मन लावून बसण्याची अपेक्षा कशी करायची?

कार्यकारिणीबद्दल एकच गोष्ट, पण ती कागदोपत्री. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेला पदाधिकारी बदलल्यावर नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहिला की बँकेत सह्या बदलत नाहीत, जुन्या खजिनदारावाचून पैसे निघत नाहीत आणि नवी मंडळी वर्षभर हात बांधून बसतात. उत्साही तरुण पहिल्यांदा कार्यकारिणीत येतात आणि दुसऱ्यांदा येत नाहीत, त्यामागे अनेकदा एवढंच कारण असतं. निवडणुकीच्या आधीच अर्जाचा मसुदा, ठराव आणि संमतिपत्रं तयार ठेवावीत. सभासद यादी, ईमेलचे पासवर्ड, मंडळांच्या नोंदी हे सगळं एका व्यक्तीच्या फोनमध्ये न राहता संस्थेच्या खात्यात असावं.

वेळ कुणाला आहे, हा आक्षेप उरतो आणि तो खरा आहे. म्हणूनच पहिल्या वर्षी सगळ्या छत्तीस जिल्ह्यांत मंडळं काढायचा ठराव करू नये. तीनच काढावीत, आणि मुंबई-पुण्यात एकही नको. जळगाव-धुळे-नंदुरबार मिळून एक, लातूर-नांदेड-धाराशिव मिळून एक, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाबरोबर गोव्याला घेऊन एक, कारण मालवणी-कोंकणी घरांतली मुलं राज्याची सीमा पाहून बोलत नाहीत. प्रत्येक मंडळाला एक सूत्रधार आणि वर्षातल्या एका प्रत्यक्ष भेटीचा एसटी-रेल्वेचा खर्च द्यावा. तो परिषदेच्या खर्चातून काढावा. वर्षअखेरी मोजायचं ते इतकंच: किती जण किमान सहा बैठकांना आले, अडलेल्या केस किती मांडल्या गेल्या, आणि त्यातल्या कितींचा पुढचा महिना पुन्हा ऐकला गेला. हे आकडे चांगले आले नाहीत तर आधी बैठकीची वेळ तपासावी, मग सूत्रधार.